अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

अंगणवाडी हा शब्द आज आपल्या इतका सरावाचा झाला आहे की तो कोणी घडवला आणि कोठे घडवला, हा प्रश्नच आपल्या मनात येत नाही. ग्रामपंचायतीच्या शेजारची ती एक खोली, भिंतीवर रंगवलेली फळे व प्राणी, दुपारी खिचडीसाठी वाट्या घेऊन बसलेली मुले, लसीकरणाच्या दिवशी बाळांना कडेवर घेऊन आलेल्या माता, हे चित्र महाराष्ट्रातील प्रत्येक खेड्यात दिसते. देशभरात अशी सुमारे १४ लाख केंद्रे आहेत. सरकारच्या दप्तरात ती एकात्मिक बालविकास सेवा योजनेची केंद्रे होत. या योजनेस २ ऑक्टोबर २०२५ रोजी ५० वर्षे पूर्ण झाली. परंतु त्या खोलीचे मूळ दिल्लीतील एखाद्या कचेरीत नाही. ते आपल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील बोर्डी व कोसबाड या गावांत आहे, आणि ते रुजवणाऱ्या स्त्रीचे नाव ताराबाई मोडक.

सरकारने लहान मुलांसाठी काय करावे, याची चर्चा अधूनमधून होत असते. ती करताना या एका आयुष्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल असे आम्हास वाटते.

जन्म व जडणघडण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. घरात सुधारणेचे वारे खेळत असल्यामुळे मुलीच्या शिक्षणास आडकाठी आली नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात महाराष्ट्रातील पदवीधर स्त्रिया मोजक्याच होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. पती वकील होते. वैवाहिक जीवन मात्र सुखाचे ठरले नाही आणि १९२१ च्या सुमारास त्या विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी, माथ्यावर समाजाची टीका आणि उदरनिर्वाहाचा प्रश्न, अशा अवस्थेत त्यांनी राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. मानाचे पद, बऱ्यापैकी वेतन आणि स्थिर भवितव्य त्यांना लाभले. एखाद्या व्यक्तीने येथेच समाधान मानले असते तर तिला कोणी दोष दिला नसता.

परंतु आपल्या मुलीला कसे वाढवावे, या साध्या प्रश्नाने ताराबाईंना वेगळ्या वाटेवर नेले. भावनगर येथे गिजुभाई बधेका नावाच्या वकिलाने वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मूल आपणहून हाताळते, पाहते व शिकते, अशी ही शाळा. मुलांवरील मायेमुळे लोक गिजुभाईंना मिशीवाली आई म्हणत. १९२३ साली ताराबाई राजकोट सोडून भावनगरला गिजुभाईंच्या सोबत काम करू लागल्या. पुढील जवळजवळ दशकभर त्या तेथे राहिल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. बालशिक्षण हा घरगुती लाडाचा विषय नसून त्याचे शास्त्र आहे, त्यासाठी शिक्षक घडवावे लागतात व पालकांना सोबत घ्यावे लागते, हा संघाचा आग्रह होता. शिक्षणपत्रिका या मासिकातून हे विचार प्रथम गुजराती व मग मराठी घरांत पोहोचले.

मॉन्टेसरींचा वारसा

गिजुभाई व ताराबाई या दोघांच्याही कामामागे एका कॅथलिक स्त्रीची प्रेरणा होती, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोम शहरातील सान लोरेन्झो या कामगारवस्तीत पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर व गल्ल्यांत भटकणारी मुले तेथे एकत्र आली. मोकळीक, हाताला योग्य साधने आणि शांत वातावरण मिळाले की गरिबातील गरीब मूलही एकाग्र होते, हे मॉन्टेसरीबाईंनी जगाला दाखवले. पुढे १९३९ साली त्या स्वतः मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम भारतातच राहिला.

पण भारतात या पद्धतीचे एक विचित्र रूपांतर होऊ लागले होते. मूळ शाळा गरिबांच्या वस्तीत निघाली होती. आपल्याकडे मात्र तिची साधने महाग, शिक्षक थोडे आणि शुल्क भारी, त्यामुळे ती शहरातील सुखवस्तू घरांची मिरासदारी बनू लागली. ताराबाईही याला अपवाद नव्हत्या. १९३० च्या दशकात मुंबईला परतल्यावर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार ही संस्था उभारली. ती नावारूपाला आली. तिथल्या मुलांच्या घरी पुस्तके होती, डॉक्टर होता, दूध होते. ज्या मुलांच्या घरी यातले काहीच नव्हते, त्यांच्यापर्यंत हे शास्त्र कसे जाणार, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. त्यातच शिक्षण खेड्याकडे गेले पाहिजे, ते खर्चिक असता कामा नये, हा गांधीजींचा आग्रह त्यांच्या मनात घर करून होता.

बोर्डीला प्रयाण

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबईचे स्थिरस्थावर काम सोडून बोर्डी गाठली. चिकूच्या वाड्या व समुद्रकिनारा लाभलेले हे गाव आचार्य भिसे यांच्या शैक्षणिक कार्यामुळे परिचित होते. तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्या कामात सामील झाल्या. मोरगावला जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी पुढची सुमारे अर्धशतकाची वाट याच कामात चालली. या दोघींचे नाते गुरुशिष्येचे होते, मायलेकींचे होते आणि सहकाऱ्यांचेही होते.

बोर्डीच्या बालवाडीत महागडी साधने आणणे शक्य नव्हते आणि ताराबाईंना ती नकोच होती. त्यांनी शिंपले, चिंचोके, बिया, पाने, माती, बांबू व नारळाच्या करवंट्या यांपासून साधने तयार केली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पाने व फुले, लहानमोठे समजायला शिंपले. ज्या वस्तू मुलाच्या पायाखाली पडलेल्या असतात त्यांतूनच त्याला शिकता येते, हे त्यांनी करून दाखवले. खर्च नाममात्र, पण तत्त्व मॉन्टेसरींचेच.

तरीही एक अडचण उभी राहिली. बालवाडी चालू झाली, परंतु ज्यांच्यासाठी ताराबाई आल्या होत्या ती मुले तेथे येईनात. वारली पाड्यांवरची व दलित वस्तीतली मुले गावातल्या नीटनेटक्या शाळेपासून दूरच राहत. अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही, गावकऱ्यांच्या मुलांत बसण्याची भीती, भाषा वेगळी आणि आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले. शाळा मोफत होती, दारही उघडे होते, पण तेवढ्याने भागत नव्हते.

येथे ताराबाईंनी जे केले तेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य होय. आईबाप अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडे जाईल, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका साधनांची पेटी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरासमोरचे सारवलेले अंगण हाच वर्ग झाला. प्रथम मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, डोळे व जखमा पाहायच्या, मग गाणी, गोष्टी व खेळ. आजूबाजूच्या आया काम थांबवून पाहत, हळूहळू जवळ येत आणि त्यांनाही बाळाच्या आहाराविषयी व स्वच्छतेविषयी चार गोष्टी कळत. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी.

पाळणाघर, कुरणशाळा आणि विकासवाडी

अंगणात बसल्यावर ताराबाईंना आणखी काही गोष्टी दिसल्या. सातआठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. ते भावंड सांभाळण्याची सोय झाल्याखेरीज मुलगी शिकणार नाही. म्हणून तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यांच्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि त्यापुढच्यांसाठी प्राथमिक शाळा, अशी सर्व एकाच आवारात ठेवण्याची विकासवाडीची कल्पना पुढे आली. घरातील तिन्ही मुले एकत्र येत, एकत्र परत जात आणि आई निर्धास्तपणे कामावर जाऊ शके.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलले. आता काम थेट आदिवासी पाड्यांच्या मधोमध आले. तेथे गुरे राखणारी मुले दिवसभर रानात असत. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले आणि कुरणशाळा जन्मास आली. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसून शिकत आहेत, असा हा वर्ग. ज्यांना दिवसा मुळीच सवड नव्हती त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग भरू लागले.

या साऱ्यातून एक सूत्र हाती येते. लहान मुलाचे पोट, आरोग्य, भाषा, खेळ आणि आईची मजुरी यांचे वेगवेगळे कप्पे पाडता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व जागतिक बँक यांनी मे २०१८ मध्ये बालसंगोपनाचा जो आराखडा प्रसिद्ध केला त्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत : उत्तम आरोग्य, पुरेसे पोषण, मुलाच्या हाकेला ओ देणारे संगोपन, सुरक्षितता आणि लहान वयातच शिकण्याची संधी. कोसबाडच्या टेकडीवर या पाचही गोष्टी त्याच्या साठ वर्षे आधी एका आवारात नांदत होत्या.

सरकारच्या दारी

ताराबाई केवळ शाळा चालवून थांबल्या नाहीत. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सभासद होत्या. राज्याने बालशिक्षणाची जबाबदारी उचलावी, हा विचार त्या काळी नवा होता. १९४४ सालच्या सार्जंट अहवालाने देशात दहा लाख बालकांसाठी शिशुशाळांची सोय करावी असे सुचवले होते, पण ते कागदावरच राहिले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट राज्यांसमोर ठेवले. प्रत्यक्षात सारे लक्ष प्राथमिक शाळेवर गेले आणि सहा वर्षांखालील मूल मागे राहिले. १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने बालवाड्यांना अनुदाने दिली, परंतु तो आधार स्वयंसेवी संस्थांपुरता आणि तुटपुंजा होता.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. त्यांच्या कल्पनांना राष्ट्रीय धोरणाचे रूप येण्यास मात्र आणखी वेळ लागला. १९७२ साली मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने पूर्वप्राथमिक वयातील बालकांविषयी अहवाल दिला आणि शिक्षण, आहार व आरोग्य यांचा एकत्रित विचार करण्याची गरज मांडली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. योगायोग असा की ३१ ऑगस्ट हा मारिया मॉन्टेसरींचा जन्मदिवस. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७४ मध्ये, भारताचे पहिले राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्यशिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एकाच छपराखाली आल्या. त्या छपराला नाव मिळाले अंगणवाडी. आपल्या कल्पनेचा हा देशव्यापी विस्तार पाहण्यास ताराबाई हयात नव्हत्या. अनुताईंनी तो पाहिला. १९९२ साली त्यांचे निधन होईपर्यंत कोसबाडचे काम त्यांनी अखंड चालवले.

धोरण पुढे गेले, प्रश्न उरले

यानंतरचा इतिहास कायद्यांचा व न्यायालयांचा आहे. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ४५ वा अनुच्छेद बदलला आणि सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्न करावा असे त्यात नमूद झाले. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २००१ पासून वेळोवेळी आदेश देऊन प्रत्येक वस्तीपर्यंत अंगणवाडी नेण्यास सरकारला भाग पाडले. १४ लाख केंद्रांचा आकडा २००६ सालच्या आदेशातला आहे. २०१३ साली अन्नसुरक्षा कायद्याने बालकांच्या व गरोदर मातांच्या आहाराला कायद्याचे बळ दिले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकसंध पायाभूत टप्पा मानला आणि मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, याची नोंद घेतली.

असे असूनही आमच्या डोळ्यांसमोर काही कठोर सत्ये उभी राहतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. कोसबाडपासून हा भाग फार दूर नाही. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली सुरू केली, ती याच वेदनेच्या पार्श्वभूमीवर. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. म्हणजे जवळजवळ प्रत्येक तीन मुलांमागे एक. महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या राज्यासाठी ही बाब भूषणावह नाही.

दुसरा प्रश्न सेविकांचा. बोर्डीच्या अंगणात पेटी घेऊन जाणाऱ्या शिक्षिकेच्या कामावर ताराबाईंनी सर्व भार ठेवला होता. आज तिच वारस असलेली अंगणवाडी सेविका मुलांना शिकवते, वजने घेते, आहार वाटते, नोंदी ठेवते, मोबाईलवर माहिती भरते आणि सरकारच्या इतर मोहिमांनाही जुंपली जाते. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. २०१८ साली केंद्र सरकारने आपला वाटा महिना ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केला. राज्ये त्यात आपली भर घालतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांचा उपदानावरील हक्क मान्य केला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना पुन्हा संपावर जावे लागले. ज्या हातांत आपण देशाची सर्वांत कोवळी पिढी सोपवतो, त्या हातांना दिलेली ही किंमत आहे.

तिसरा प्रश्न आपला सर्वांचा आहे. सहा सेवांपैकी शिक्षणाची सेवाच अनेक ठिकाणी सर्वांत दुर्बळ राहिली. अंगणवाडी म्हणजे खिचडी, असे समीकरण झाले आणि ज्यांना परवडते त्यांनी आपली मुले इंग्रजी बालवर्गांकडे वळवली. तेथे तीन वर्षांच्या मुलाला वही, पेन्सिल व गृहपाठ मिळतो आणि आपण त्याला प्रगती समजतो. ताराबाई व गिजुभाई यांनी शंभर वर्षांपूर्वी जी घोकंपट्टी बालमंदिराच्या दाराबाहेर ठेवली, ती आज शुल्क भरून आपण घरात आणत आहोत. एकीकडे खाऊ आहे पण खेळ व शिक्षण अपुरे, दुसरीकडे शिक्षणाचा भास आहे पण बालपण हिरावलेले. या दोन्ही टोकांच्या मध्ये कोसबाडची वाट कोठेतरी हरवली आहे.

आपणापुढील कर्तव्य

ताराबाईंनी योजना आखण्याआधी अंगणात बसून पाहिले. मूल का येत नाही, याचे उत्तर त्यांनी मुलाच्या घरात शोधले आणि त्या उत्तरानुसार शाळेची जागा, वेळ, साधने व भाषा बदलली. धोरण करणाऱ्यांनी त्यांच्याकडून घ्यावे ते हेच. विटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचे मूल गावच्या नोंदवहीत नाव असूनही सहा महिने कोठे असते, कामावर जाणाऱ्या आईच्या तान्ह्याला दिवसभर कोण पाहते, हे प्रश्न आजही अंगणात जाऊनच सुटणार आहेत.

आपणही केवळ सरकारकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत कोणती अंगणवाडी आहे, तेथे पाणी व स्वच्छतागृह आहे काय, सेविका एकटीच राबते काय, वस्तीतील कोणते मूल तेथे पोहोचत नाही, एवढे तरी आपणास ठाऊक असावे. आपल्यातील निवृत्त शिक्षिका आठवड्यातून एक दिवस गोष्ट सांगण्यास तेथे जाऊ शकतात. महिला मंडळे चिंचोके, शिंपले व चिंध्यांच्या बाहुल्या यांची पेटी तयार करू शकतात. त्यासाठी निधी लागत नाही, हे बोर्डीने सिद्ध केले आहे. आणि आपल्या घरातील तीन वर्षांच्या नातवंडाच्या हातात पेन्सिल देण्याची घाई आपण थोडी आवरली, तर तेही ताराबाईंचे स्मरणच ठरेल.

डहाणूकडे जाणाऱ्या वाचकांनी सवड काढून कोसबाडची टेकडी अवश्य पाहावी, असे आम्ही सुचवू. मुलांना आवर्जून सोबत न्यावे.